भोंग्याची हाळी

त्या गाण्यावर तुम्हीही कुठेतरी नाचला असाल. एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये, कुणाच्या तरी गच्चीवर. आधी एक घोगरा आवाज 'घे रे' म्हणतो, मग दहा गळे 'घेतलं' म्हणून ओरडतात आणि खालून ड्रम सुरू होतो. तो घोगरा आवाज माझ्या थोरल्या भावाचा. त्या दहांत एक गळा माझा. तुम्ही नाचलात म्हणून माझा राग नाही. गाणं लागलं की पाय हलतातच. आमचे हात हलले, तसेच.

आम्ही जड सामान हलवणारे. जिथं क्रेनची मान पोचत नाही, तिथं आम्हाला बोलावतात. बॉयलर, प्रेस, कारखान्याच्या पोटात नेऊन बसवायची मोठाली धुडं. आमची टोळी बारा माणसांची. सामान म्हणाल तर एक दोरखंड, दोन कप्प्या, जाड फळ्या आणि आठ-दहा लोखंडी पाइप. फळ्यांची वाट करायची, वाटेवर पाइप आडवे टाकायचे, पाइपांवर मशीन चढवायचं आणि दहा जणांनी ओढायचं. एका ओढीला ते हातभर सरकतं. सरकलं की सगळ्यात मागचा पाइप मोकळा होतो. तो उचलून पुढं आणायचा आणि मशीनच्या तोंडाखाली सरळ लावायचा. वाकडा लागला तर मशीन वाकडं जातं आणि भिंतीत घुसतं. म्हणून लावणाऱ्याला पालथं पडावं लागतं, खांद्यापर्यंत हात आत घालावा लागतो. कधी हाताबरोबर डोकंही.

हे काम करणाऱ्याला आम्ही घूस म्हणायचो. बुटका, रुंद, मान नसल्यासारखा. वीस टनांच्या खाली शिरून तो असा बाहेर यायचा जसा कुणी खाटेखालून चप्पल काढतो. तो माझ्या वहिनीचा धाकटा भाऊ. म्हणजे दादाचा मेव्हणा. दादाला दाजी म्हणायचा आणि कामावर सगळ्यात जास्त टोमणे त्यालाच मारायचा. दादा टोळीची हाळी द्यायचा. त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण शिफ्ट बदलल्याचा भोंगा आणि त्याचा आवाज यांत कारखान्यातल्या कुत्र्यांनाही फरक कळत नसे.

आमची हाळी काही मोठी नव्हती. दादा विचारायचा, "कुणाचं ओझं?" आम्ही म्हणायचो, "परक्याचं." तो विचारायचा, "कुणाची पाठ?" आम्ही म्हणायचो, "आपली." मग तो म्हणायचा, "घे रे," आणि 'घेतलं' म्हणता म्हणता दहा जणांचं वजन एकदम दोरावर पडायचं. मशीन हातभर सरकलं की दादा हळू, जवळजवळ लाडानं म्हणायचा, "बसू दे."

आणि मग सगळं गप्प.

ही गप्प आमच्या हाळीचा निम्मा भाग होती. ती आत असलेल्या माणसाची. 'बसू दे' ऐकलं की घूस आत शिरायचा, आणि तो बाहेर येऊन 'निघालो' म्हणेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. बोलायचं नाही, खोकायचं नाही, दोरावर हात ठेवायचा पण मन ठेवायचं नाही. दादासुद्धा तेव्हा कुणी नसायचा. त्या वेळी टोळीचा मालक घूस. एकदा त्या गप्पेत मुकादमाचा फोन वाजला. दादानं काही न बोलता तो फोन त्याच्या खिशातून काढला आणि ग्रीसच्या डब्यात बुडवला. मुकादम नंतर आठवडाभर ग्रीसचा वास मारणारा फोन कानाला लावत होता, पण त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. तोही आमच्यातूनच वर गेलेला. त्याला माहीत होतं.

तेव्हा लक्षात ठेवा. आमचे हात आमच्या डोक्याचं ऐकत नव्हते. ते दादाच्या आवाजाचं ऐकत होते. बावीस वर्षं मी दोर ओढला, आणि 'घे रे' ऐकून ओढावं की नाही असा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. विचार करणारा माणूस दोरावर चालत नाही. दहांतल्या एकानं विचार केला की नऊ जणांचे खांदे निखळतात.

एक दिवस कानवाली बाई आली. तिचं नाव तिनं सांगितलं होतं, पण कानांवर सतत ते मोठे हेडफोन असायचे, म्हणून आम्ही तिला कानवाली म्हणायचो. ती कामाची गाणी गोळा करत फिरत होती. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. वाईट असती तर बरं झालं असतं, राग काढायला सोपं गेलं असतं. जेवणाच्या सुट्टीत ती आमच्यात जमिनीवर बसायची आणि तिच्या मशीनवर जगभरची गाणी ऐकवायची. जाळं ओढणाऱ्यांचं गाणं. जमीन चोपणाऱ्या बायकांचं. कुठल्या तरी तुरुंगात दगड फोडणाऱ्या कैद्यांचं, ज्यात घणाचा आवाजच तबल्यासारखा वापरलेला. मग मोठ्या वाद्यवृंदाचं एक, श्रमाच्या थोरवीवर, पन्नास व्हायोलिनं आणि मधोमध पहाडी आवाजाचा एक गायक. गिटारवर एकट्यानं म्हटलेलं खाणीतल्या माणसाचं. आणि एक भराभरा बोलत म्हटलेलं, गोदामात पार्सलं उचलणाऱ्या पोरानं केलेलं, त्यात निम्म्या शिव्या.

दादा डोळे मिटून ऐकायचा आणि एका मिनिटात निकाल द्यायचा. जाळंवाले खरे. चोपणाऱ्या बायका खऱ्या, पण त्यातली एक पाट्या टाकतेय, ऐका, तिचा ठोका मागून येतो. कैदी खरे. पार्सलवाला पोरगा खरा, श्वास कुठं तुटतो बघा, तो जिन्यावर तुटतो. व्हायोलिनवाल्याचं ऐकून मात्र तो हसला. "याच्या पाठीवर काही नाही," म्हणाला. "रिकामा चाललाय." बाईनं ते वहीत लिहून घेतलं. घूस म्हणाला, "दाजी, तुमच्या पाठीवर तरी काय असतं? ओढतात हे, आत जातो मी, तुम्ही नुसते ओरडता." दादा म्हणाला, "म्हणून तर मी जाड आणि तू बुटका." हसून झालं की आम्ही उठायचो.

मग तिनं आम्हाला शहरात तिच्या ओळखीच्या स्टुडिओत नेलं. खाली गालिचा, भिंतींना फोम, थंडगार. ओढायला काहीच नव्हतं, त्यामुळं आवाजच लागेना. शेवटी आम्ही एकमेकांचे पट्टे धरून ओळीनं उभे राहिलो आणि 'घेतलं' म्हणताना मागच्याला ओढायचो. काचेपलीकडची मंडळी खूश झाली. फक्त एका गोष्टीवर अडलं. बाई म्हणाली, 'बसू दे'नंतर तुम्ही फार वेळ थांबता. ऐकणाऱ्याला वाटेल गाणं संपलं. दादा म्हणाला, ते थांबणंच गाणं आहे. तिनं समजून घेतलं, मान डोलावली, आणि अर्ध्या तासानं काचेपलीकडच्या माणसानं पुन्हा तेच विचारलं. एकदाच करून बघा. नुसतं जोडून घ्या. नाही आवडलं तर पुसून टाकू.

इथं मला दादाचा राग येतो. माझाही येतो. चांगल्या शब्दांत मागितलं की आमच्यासारख्यांना नाही म्हणता येत नाही. शिवी दिली असती तर दादानं काच फोडली असती. पण चहा आला होता, बिस्किटं आली होती, काका काका करत होते. आणि त्या खोलीत मशीनखाली कुणी नव्हतं. घूस कोपऱ्यातल्या मऊ खुर्चीत बसला होता, कारण त्याला गाण्यात कामच नव्हतं. दादानं एका दमात म्हटलं, "बसू दे, घे रे," आणि आम्ही म्हटलं, "घेतलं." तीनदा. चारदा. छान लागलं, खोटं कशाला बोलू. अंगावर काटा आला. आम्ही थांबलो तेव्हा घूस खुर्चीतून म्हणाला, "अहो दाजी, मी अजून आतच आहे." सगळे हसले. काचेपलीकडचेही हसले, त्यांना काय कळलं कुणास ठाऊक.

मग गाणं सुटलं. आधी कानवालीनं ते जोडून घेतलेलंच, होतं तसं, नेटवर कुठंतरी ठेवलं. तिथून कुणी उचललं, त्याला ड्रम लावला आणि ते लग्नांत गेलं. तिथून व्यायामशाळेत. दंडाला तेल लावलेली पोरं 'घे रे'वर वजन उचलायची आणि 'बसू दे'वर न टेकवता परत उचलायची. एका गायिकेनं ते संथ केलं. तंबोरा लावून, एकेक अक्षर ओढून. पंख्याखाली बसलेले लोक म्हणे रडले. कामगारांच्या मोर्चात ते टाळ्यांवर म्हटलं गेलं, तिथं 'परक्याचं' या शब्दाला फार जोर. लहान मुलांच्या वर्गात ते दप्तर उचलायचं गाणं झालं. आम्ही सगळी ऐकली. एकमेकांना लावून दाखवली. मोर्चातलं मला आवडलं, संथ ऐकून घूस झोपला. आणि एवढ्या सगळ्यांत, एकातही ती गप्प नव्हती. ज्यांना आमची कीव येत होती त्यांच्यातही नाही, जे आमच्या बाजूनं मुठी आवळत होते त्यांच्यातही नाही.

शेवटी ते आमच्याच कंपनीनं घेतलं. जाहिरातीसाठी. 'कुणाचं ओझं, कुणाची पाठ' हे काढून टाकलं, ते त्यांना टोचलं असावं. उरलं 'घे रे, घेतलं, बसू दे, घे रे, घेतलं.' मोठा नवा प्रेस बसवायचा होता, आणि तो बसवताना आम्हाला कॅमेऱ्यात धरायचं होतं.

त्या दिवशी सकाळी अकराला आम्ही प्रेस शेडच्या दारातून आत घेतला होता. निम्मी वाट झाली होती. जाहिरातीचं बघणारा साहेब आला, त्याच्याबरोबर कॅमेरेवाले आणि दोन माणसं एक स्पीकर घेऊन. कपाटाएवढा. मुकादम दादाजवळ आला आणि मानेमागं खाजवत म्हणाला की साहेबांना रेकॉर्डवर ओढलेलं हवंय, म्हणजे चित्र आणि गाणं जुळेल. एकच ओढ. दादा म्हणाला, मीच म्हणतो की, जिवंत आहे मी. मुकादम साहेबाकडं गेला, परत आला. नाही म्हणतात, आवाज मागून घालतील तो हाच, ताल हाच पाहिजे.

दादानं अट घातली. एकच ओढ. 'घेतलं' झालं की स्पीकर बंद. साहेब म्हणाला, अर्थात. स्पीकरच्या बटणावर बसलेल्या माणसाला त्यानं ते सांगितलं की नाही, मी पाहिलं नाही. घूसनं दादाला हाक मारली, "दाजी, आज तुमचं तोंड बंद. आज खरं काम होईल." आणि तो मशीनच्या तोंडाजवळ पाइप घेऊन उकिडवा बसला.

गाणं लागलं. 'घे रे.' आम्ही ओढलं. मशीन हातभर आलं. 'बसू दे.' आणि घूस आत गेला.

तुम्ही विचाराल, त्याला माहीत नव्हतं का की या रेकॉर्डमध्ये गप्प नाही? त्याला माहीत होतं. त्याच्या फोनची रिंग तीच होती. स्टुडिओतला विनोद त्यानंच केला होता. आम्हालाही माहीत होतं. पण 'बसू दे' त्याच्या कानात पोचलं नाही, ते थेट खांद्यात पोचलं, आणि खांदा आत गेला. मग त्या स्पीकरमधून दादाच्याच आवाजात आलं, "घे रे." आणि आमच्या दहाही जणांच्या पाठींनी घेतलं.

दादा माझ्या समोर उभा होता. त्याचा हात वर गेला होता, गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या, तोंड पूर्ण उघडं होतं. त्यातून काय निघालं ते मला ऐकू आलं नाही. शेडमध्ये फक्त स्पीकरमधला दादा होता. पुन्हा "बसू दे, घे रे." आम्ही पुन्हा घेतलं. दोन दादा होते, आणि आम्ही मोठ्या आवाजाच्या दादाचं ऐकलं. तिसऱ्या वेळी दोर हलका न लागता चिकट लागला, म्हणून माझे हात थांबले. डोकं त्याच्यानंतर थांबलं.

बाकीचं सांगत नाही. तुम्हाला ते ऐकायचा हक्क नाही. गाणं वाजतच होतं, एवढं सांगतो. बटणावरचा माणूस घाबरून पळाला होता, आणि शेवटी वायर मुकादमानं दातांनी ओढल्यासारखी उपटली.

चौकशी आठव्या दिवशी बसली. एक माणूस, एक टेबल, एक टाइप केलेला कागद. कागद आधीच तयार होता. त्यात लिहिलं होतं की हाळी देणाऱ्या गड्यानं आतला माणूस बाहेर येण्याआधी ओढण्याची हाळी दिली, त्यावरून टोळीनं ओढलं. स्पीकरचा शब्द नाही. कॅमेऱ्याचा नाही. आम्हाला एकेकाला आत बोलावून सही मागितली. टोळीला कंपनीच्या दुसऱ्या कारखान्याचं काम मिळणार की नाही ते त्या सहीवर होतं, हे कुणी म्हटलं नाही आणि सगळ्यांना कळलं.

मी सांगितलं, स्पीकर कंपनीनं लावला, हे एक वाक्य घाला, मग करतो सही. चौकशीवाला म्हणाला की ते तपासलं जाईल, पण हाळी कुणाच्या आवाजात होती? मी म्हटलं, दादाच्या. मग यात चूक काय आहे, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, दादाचं तोंड थांबा म्हणत होतं. तुम्ही ऐकलंत, त्यानं विचारलं. मी म्हटलं, ऐकलं. खोटं बोललो. त्यानं ते लिहिलंही नाही. त्या एका वाक्यावर अडून, सही न करता मी बाहेर आलो, माझ्याआधी सही करून आलेले आठ जण बिड्या ओढत उभे होते, कुणी माझ्याकडं बघेना. उरलेला एकजण माझ्या मागून आत गेला आणि दोन मिनिटांत परत आला. मी त्यांना शिव्या दिल्या. आज देत नाही. घरी चार तोंडं असली की एक सही म्हणजे किती मोठी गोष्ट.

आता दादाची सही राहिली होती. त्याची नसेल तर बाकी नऊ सह्यांना काही अर्थ नाही, हे चौकशीवाल्यालाही माहीत होतं. त्यानं दोन दिवस दिले. दादानं मला सांगितलं, "ते वाक्य आल्याशिवाय मी पेन हातात धरणार नाही. माझ्या तोंडचं काढून माझ्याच माथी मारतात." मला बरं वाटलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण निदान चावलं कुणी ते तरी लिहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी घूसची बायको दादाच्या घरी आली. आम्ही सगळे तिला मामी म्हणायचो, दादाच्या पोरांचं ऐकून. वहिनी ओट्याशी होती. मी दाराशी बसलो होतो. मामी आत आली, वहिनीला 'वन्सं' म्हणून तिच्या खांद्याला हात लावला आणि सरळ दादासमोर बसली. रडून आलेली नव्हती. केस नीट बांधलेले होते.

ती म्हणाली, "भाऊजी, सही करा."

दादा म्हणाला, तुला काय लिहिलंय माहीत नाही. ती म्हणाली, वाचून दाखवलंय मला. कंपनीचा माणूस घरी येऊन गेला होता. चौकशी मिटली तर तिला पॅकिंगमध्ये कायमची नोकरी, पोरीला शाळा. न मिटली तर वर्षं लागतील, आणि वर्षं कुणी बघितलीत.

मी मध्येच बोललो. तुझा नवरा स्पीकरनं मेला, आणि तू त्यांच्याच दारात कामाला जाणार? ती माझ्याकडं वळली. "तो मेला हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "कशानं ते तुम्ही दोघं भाऊ बसून ठरवा. मला रोज सकाळी कुठंतरी जायचं आहे. तुमचं वाक्य घेऊन मी कुठं जाऊ?"

दादानं वहिनीकडं पाहिलं. घूस तिचा भाऊ. लहानपणी तिनंच त्याला काखेत घेऊन फिरवलेला. ती हात पुसत आली आणि दादाच्या समोर उभी राहिली. मला वाटलं आता ती मामीला झापेल. ती म्हणाली, "कर. लिही, तू मारलंस. मला माहितीये तू नाही मारलंस. मला माहीत आहे, एवढं पुरे नाही का?"

दादानं तिच्या हातांकडं पाहिलं. मग उठून शर्ट घातला. मी त्याच्या मागं कारखान्याच्या गेटपर्यंत गेलो, वाटेत हाताला धरून थांबवलं, त्यानं हात सोडवून घेतला. तो आत गेला आणि सही करून आला. अंगठ्याला शाई लागली होती, कारण पेन गळकं होतं. ती त्यानं भिंतीला पुसली.

मामी पॅकिंगमध्ये लागली. चांगलं काम करते. पोरगी शाळेत जाते. टोळीला दुसरं काम मिळालं. मला नाही घेतलं, मी आता एका गोदामात ट्रॉल्या ढकलतो. दादानं स्वतःच हाळी सोडली. त्याला कंपनीनं गेटवर बसवलं, येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. टोळी आता शिट्टीवर ओढते. आत शिरायच्या आधी पाइप लावणारा म्हणे दोर स्वतःच्या डोळ्यांनी जमिनीवर पडलेला बघतो. बरं करतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण खोटं कागदावर राहत नाही. ते चालू लागतं. नवीन आलेल्या पोरांना गेटवर दाखवतात, हाच तो, यानं घाईत हाळी दिली आणि मेव्हणा गेला. शेजारची बाई वहिनीला म्हणाली, होतं असं, माणसाच्या हातून चूक होते, तू मोठ्या मनाची. वहिनीनं आधी भांडून पाहिलं. मग किती जणांशी भांडायचं. दादाच्या थोरल्या पोरानं एकदा जेवताना विचारलं, बाबा, मामा आत असताना तुम्ही ओरडलात का हो? दादा म्हणाला, जेव. पोरगं जेवलं. उत्तर नाही म्हणजे काय ते पोरांना कळतं.

गाणं अजून वाजतंच. मी गोदामात ट्रॉली ढकलतो तिथंही लागतं, वर पत्र्याला टांगलेल्या कर्ण्यातून. बंद करायला सांगायला गेलो तर म्हणाले, गाण्यामुळं कामाचा उरक वाढतो. वाढतो, हे खरं आहे. मी मोजलं आहे माझ्या पायांवरून.

परवा रविवारी दुपारी दादाकडं गेलो होतो. वहिनी कपडे वाळत घालत होती. दादा पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होता. हल्ली तो हळू बोलतो, त्याला भोंगा म्हणणारं कुणी उरलेलं नाही. इकडचं तिकडचं झालं. माझ्या गुडघ्याचं झालं. मग दोरा दातानं तोडत तो म्हणाला, "त्या दिवशी मी जरा लवकरच हाळी दिली, नाही रे?"

मला आधी वाटलं चेष्टा करतोय. त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. तो विचारत होता, जसं कुणी कुलूप लावलं का म्हणून विचारतं.

मी म्हटलं, दादा, तू हाळी दिलीच नाहीस. तू थांबा म्हणालास. स्पीकर होता.

"तू ऐकलंस?"

चौकशीत मी झटकन हो म्हटलं होतं. टेबलापलीकडचा माणूस परका होता. हा माझा भाऊ होता, बावीस वर्षं याच्या आवाजावर मी खांदे टाकले होते, आणि रिकामं म्हटलेलं याला कळतं. मी त्याचं उघडं तोंड पाहिलं होतं, वर गेलेला हात पाहिला होता. 'घे रे' म्हणतानाही त्याचा हात वरच जायचा. मी म्हटलं, "ऐकलं."

दादानं माझ्याकडं पाहिलंही नाही. मान हलवली आणि दुसऱ्या चपलेचा अंगठा ओढून बघितला. तारेवरच्या ओल्या चादरीमागं वहिनीचे हात थांबले होते. ती बाहेर येऊन 'मला माहीत आहे' म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. ती नाही आली.